ट्रक उभा, लॉग पळतोय – ईएलडीचं करायचं काय?

महामार्गी

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं नुसता वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतोय. चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

मी इंडियानापोलिसला असतो. आयटी सोडून ट्रकचं लायसन्स काढलं (ती कथा परत कधीतरी) आणि आता एका लहान कंपनीची गाडी चालवतो. बहुतेक फेऱ्या टेक्सासात लारेडोला, मेक्सिकोच्या सीमेवर.

प्रश्न ईएलडीचा आहे. ज्यांना यातलं काही माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: अमेरिकेत ट्रकवाल्याने किती तास गाडी हाकायची याला कायदा आहे. सलग १० तास विश्रांती झाली की ११ तास चालवता येतं, आणि ते ११ तास ड्युटीवर आल्यापासून १४ तासांच्या आत उरकावे लागतात. एकूण ८ तास चालवून झाले की अर्धा तास सुट्टी. ८ दिवसांत ७० तास भरले की गाडी चालवणं बंद. पूर्वी हे कागदावर रेघा मारून लिहायचे, त्या नोंदीला लॉग म्हणतात. आता डॅशबोर्डखालच्या नऊ पिनांच्या सॉकेटात एक डबी बसवतात. इंजिन चालू की बंद, गाडी हलतेय की उभी, मैल किती झाले, हे ती इंजिनाच्या कॉम्प्युटरकडून वाचते आणि ब्लूटूथने समोरच्या टॅबलेटला कळवते. डबी आणि टॅबलेट मिळून ईएलडी, म्हणजे इलेक्ट्रॉनिक लॉगिंग डिव्हाइस.

माझी डबी आणि माझा टॅबलेट यांचं एकमेकांशी पटत नाही. गाडी भर हायवेवर असताना स्क्रीनवर लाल पट्टी येते, कनेक्शन गेलं म्हणून. परत येतं तेव्हा मधला सगळा वेळ 'अनोळखी ड्रायव्हर'च्या नावावर पडलेला असतो. केबिनमध्ये मी एकटा! कधी याच्या उलट. गाडी डॉकला (माल चढवा-उतरवायच्या धक्क्याला) लावून, इंजिन बंद करून मी आत खिडकीशी सही घ्यायला उभा, आणि लॉगमध्ये मी अजून ड्रायव्हिंग करतोय. मागच्या महिन्यात टेक्सासात तपासणीला थांबवलं. अधिकाऱ्याने लॉगची फाइल पाठवायला सांगितली, तर टॅबलेटवर नुसतं चक्र फिरत राहिलं. माणूस भला होता, स्क्रीनवर बघून सोडलं. दर वेळी असा भेटेलच असं नाही.

डिस्पॅचरचं (ऑफिसात बसून आम्हाला फेऱ्या देणाऱ्याचं) उत्तर ठरलेलं. लॉगआउट कर, परत लॉगइन कर, आणि कागदी लॉगला हात लावू नकोस, कागद दिसला की पोलीस गाडी उलटीसुलटी करून तपासतात. मालक म्हणतो बाकी ड्रायव्हरांची तक्रार नाही. बाकी ड्रायव्हर मला ट्रकस्टॉपवर भेटतात. ते जे बोलतात ते इथे लिहिलं तर धागा उडेल.

तर विचारायचंय ते एवढंच: मशीन बिघडलं तर उद्या दंड, पॉइंट, नोकरी हे कुणाच्या अंगावर येणार, माझ्या की कंपनीच्या? आणि कंपनी नको म्हणत असताना मी कागदावर जाऊ का?

भेळभत्ता

पॉपकॉर्न घेऊन बसलोय. ट्रक ड्रायव्हरचा धागा इथे पहिल्यांदाच बघतोय. पण आधी ती आयटी सोडल्याची कथा येऊ द्या.

चिंचवडची_चिऊ

अगदी आमच्या ऑफिसच्या बायोमेट्रिकसारखं आहे हे. अंगठा घासून घासून माणूस दमतो, मशीन म्हणतं तू तू नाहीसच. आणि महिनाअखेरीला पगार कापला जातो तो आपलाच.

जुनाजाणता

महामार्गी, मी न्यू जर्सीत असतो. गाडी आता सोडली, पण आयुष्याचा मोठा तुकडा त्या सीटवर गेलाय. म्हणून थोडं कडू बोलतो, राग मानू नका.

कागदाच्या काळाचे हल्ली फार गोडवे गायले जातात. मी तो काळ पाहिलाय. एकेकाकडे दोन-दोन वह्या असायच्या, एक पोलिसाला दाखवायची आणि एक खरी. माणूस कागदावर ओहायोत झोपलेला आणि प्रत्यक्षात पेनसिल्व्हेनिया ओलांडून पुढे गेलेला. मालकाचं एकच, उद्या सकाळी माल पोचला पाहिजे, कसा ते तुझं तू बघ. 'माझे तास संपले' असं म्हणायची सोयच नव्हती, कारण कागदावर तास कधी संपतच नसत. ईएलडी आल्यावर ड्रायव्हरला पहिल्यांदा 'नाही' म्हणता यायला लागलं, आणि त्याला पुरावा मिळाला.

हे रातोरात झालेलं नाही. २०१२ च्या मॅप-२१ या वाहतुकीच्या कायद्यात अमेरिकन काँग्रेसने, म्हणजे इथल्या संसदेने, सक्ती घातली, नियम २०१५ च्या डिसेंबरात निघाला आणि १८ डिसेंबर २०१७ पासून लागू झाला. ज्यांच्याकडे आधीची यंत्रं होती त्यांना २०१९ च्या डिसेंबरपर्यंत सवलत होती. ओओआयडीए ही स्वतः गाडी बाळगणाऱ्या ड्रायव्हरांची संघटना. ती कोर्टात गेली. याआधीचा असाच नियम त्यांनी २०११ मध्ये कोर्टातून रद्द करून घेतला होता, पण २०१६ मध्ये त्याच सातव्या सर्किटच्या अपील कोर्टाने नवा नियम उचलून धरला.

तुमचं मशीन भंगार असेल तर मशीन बदला. कायद्यावर राग काढू नका.

उलटतपासणी

जुनाजाणता काका, 'नाही' म्हणता येतं हे खरं, पण त्या 'नाही'चे पैसे कोण देतं? ड्रायव्हरला मिळतात ते मैलावर. शिपरच्या (माल पाठवणाऱ्याच्या) डॉकवर चार तास फुकट गेले तरी १४ तास पळतच असतात. मग उरलेल्या वेळात गाडी हाणायची.

हे माझ्या मनचं नाही. नॉर्थईस्टर्न, आर्कान्सा आणि मिशिगन स्टेट विद्यापीठांतल्या संशोधकांनी २०१९ मध्ये सक्तीच्या आधीचे आणि नंतरचे सरकारी आकडे ताडून पाहिले. तासांचा नियम मोडणं कमी झालं, त्यात वाद नाही. अपघात मात्र कमी झालेले दिसले नाहीत, आणि लहान कंपन्यांच्या ड्रायव्हरांना वेगाबद्दल लागणारे ठपके वाढले. सुरक्षेसाठी आणलं म्हणता ना?

जुनाजाणता

वेगाने गाडी हाकली ती ड्रायव्हरने. मशीनने पेडल दाबलं नाही.

उलटतपासणी

मशीनने नाही, घड्याळाने दाबलं. तेच तर म्हणतोय.

वायरमन

दोघं थांबा जरा, महामार्गींच्या डबीकडे बघू.

मी पुण्यात वाहनांच्या टेलिमॅटिक्सवर (गाडीची माहिती दूरवर कळवणाऱ्या यंत्रांवर) काम करतो. अमेरिकन बाजारासाठीची यंत्रं जवळून पाहिली आहेत. त्यात सरळ दोन जाती आहेत. एक, पूर्ण बांधीव युनिट, स्वतःचा स्क्रीन, स्वतःचं सिम, वायर पक्की. महाग. दुसरी, स्वस्त डबी आणि कुठलाही अँड्रॉइड टॅबलेट. लहान कंपन्या दुसरी घेतात, आणि तुम्ही लिहिलेली जवळपास सगळी लक्षणं या दुसरीची आहेत.

अँड्रॉइड बॅटरी वाचवण्यासाठी मागे चालणारी अॅपं मारतं. त्यात लॉगचं अॅपही मरतं. टॅबलेटच्या सेटिंगमध्ये जाऊन त्या अॅपला बॅटरीच्या बंधनातून वगळा, निम्मा त्रास तिथेच संपण्याची शक्यता आहे. काचेला चिकटवलेला टॅबलेट टेक्सासच्या उन्हात तापून बंद पडतो, तो खाली, एसीच्या झोतासमोर घ्या (पण चालवताना दिसला पाहिजे आणि पक्का बसवलेला पाहिजे, तो नियम आहे). नऊ पिनांचं सॉकेट काळं असेल तर माहिती जुन्या वेगाने जाते, हिरवं असेल तर दुप्पट वेगाने. केबल त्याला साजेशी हवी. आणि बहुतेक गाड्यांत त्याच सॉकेटवर दोन फाट्यांची केबल लावून आणखी काहीतरी जोडलेलं असतं. ती काढून बघा. पिना सैल झालेल्या असतात, खड्ड्यात डबीची वीज क्षणभर जाते, टॅबलेटला वाटतं डबी मेली.

उभ्या गाडीचं ड्रायव्हिंग का दिसतं, तर गाडी ताशी ५ मैलांच्या वर गेली की यंत्राने आपणहून 'ड्रायव्हिंग' लावायचं असतं. थांबल्यावर ५ मिनिटं काही हालचाल नसेल तर ते तुम्हाला विचारतं, आणि मिनिटभरात उत्तर दिलं नाही तर 'ड्युटीवर, पण चालवत नाही' असं लावतं. आता गाडी थांबल्याचा निरोप डबीकडून टॅबलेटपर्यंत पोचलाच नाही, तर टॅबलेटच्या हिशोबात तुम्ही अजून हायवेवरच.

आणि मूळ गोम वेगळीच. हे यंत्र नियमात बसतं की नाही हे अमेरिकेत आतापर्यंत तपासलं कोणी? ज्याने बनवलं त्यानेच. निर्माता स्वतःच लिहून द्यायचा की आमचं यंत्र नियमाप्रमाणे आहे, आणि एफएमसीएसए या सरकारी खात्याच्या यादीत नाव चढायचं. यादीत शेकड्यांनी नावं. कॅनडाने २०२१ मध्ये सक्ती आणली तेव्हा बाहेरच्या संस्थेकडून तपासून घेतल्याशिवाय यंत्र यादीत घ्यायचं नाही असं ठरवलं. पोलीस १ जानेवारी २०२३ पासून कारवाई करायला लागले. उशीर झाला, पण निदान कोणीतरी यंत्र उघडून बघितलं.

भेळभत्ता

म्हणजे परीक्षा देणाऱ्यानेच पेपर तपासायचा? आमच्या वेळी कुठे होती ही सोय!

रानवारा_ऑक्लंड

वायरमन, २०२२ चं थ्रीजी राहिलं. एटीअँडटी या मोबाइल कंपनीने फेब्रुवारीत थ्रीजी बंद केलं तेव्हा माझ्या मेहुण्याच्या कॅलिफोर्नियातल्या गाडीतलं यंत्र एका सकाळी मुकं झालं. विकणाऱ्याने आधी कळवलं होतं म्हणे, ईमेलने. ट्रकवाला ईमेल कधी बघणार?

नियमावली

महामार्गी, मी जॉलिएटला एका ट्रक कंपनीच्या सेफ्टी ऑफिसात काम करते, म्हणजे तुमच्या दृष्टीने शत्रुपक्ष :) तरी नीट उत्तर देते, कारण तुमचा डिस्पॅचर तुम्हाला चुकीचं सांगतोय.

यंत्र बिघडलं की ड्रायव्हरने ते टिपून ठेवायचं आणि २४ तासांच्या आत कंपनीला लेखी कळवायचं. फोनवर सांगितलं हे 'लेखी' नाही. ईमेल किंवा मेसेज करा, तारीख-वेळ-ठिकाणासकट, स्क्रीनचा फोटो जोडून. मग चालू दिवसाचा आणि मागच्या ७ दिवसांचा लॉग कागदावर उतरवायचा, जो यंत्रातून काढता येतो तो सोडून. यंत्र दुरुस्त होईपर्यंत कागदच. हे 'चालेल' असं नाही, हे करायचंच असतं. गाडीत किमान ८ दिवस पुरतील एवढे कोरे लॉग, यंत्राची माहितीपुस्तिका, फाइल कशी पाठवायची त्याचा कागद आणि बिघाड झाल्यास काय करायचं त्याचा कागद, एवढं असलंच पाहिजे. हे चार आज रात्री तपासा. माझ्या अनुभवात ड्रायव्हर अडकतो तो यंत्र बिघडल्यामुळे कमी आणि हे कागद नसल्यामुळे जास्त.

आता कंपनीची बाजू. बिघाड कळल्यापासून ८ दिवसांत दुरुस्त करणं, बदलणं किंवा नवीन देणं ही तिची जबाबदारी. जास्त वेळ हवा असेल तर तुम्ही कळवल्यापासून ५ दिवसांत एफएमसीएसएकडे मुदतवाढ मागायची. तुम्ही लेखी कळवलंच नसेल तर हे घड्याळ सुरूच होत नाही. 'लॉगआउट कर' म्हणण्यामागे हेही असू शकतं, एवढंच सुचवते.

अंगावर कुणाच्या येणार? रस्त्यावर तपासणीत लॉग दाखवता आला नाही तर गाडी तिथेच १० तास उभी, आणि ते तुमच्या रेकॉर्डवर. कंपनीच्या सुरक्षा गुणांवरही पडतं. म्हणजे दोघांच्याही, पण रस्त्याच्या कडेला रात्र तुम्ही काढणार.

आणि नियम मोडायला लावणं, 'असंच चालव नाहीतर लोड देणार नाही' म्हणणं, याला जबरदस्ती म्हणतात आणि तिच्याविरुद्ध २०१६ पासून वेगळा नियम आहे. एफएमसीएसएकडे ९० दिवसांच्या आत तक्रार करता येते. मी लगेच तक्रार करा म्हणत नाही. पण मेसेज पुसू नका.

वायरमन

ताई, उत्तम. फक्त एक भर. लाल पट्टी दिसली म्हणजे लगेच 'बिघाड' असं नाही. नियमात दोन पायऱ्या आहेत, 'निदान' म्हणजे नुसता इशारा, आणि त्यापुढे 'बिघाड'. इंजिनाशी संपर्क २४ तासांत मिळून ३० मिनिटांहून जास्त तुटला की 'ई' अक्षराचा बिघाड लागतो. विजेचा 'पी', वेळेचा 'टी', तो घड्याळ १० मिनिटांहून जास्त चुकलं तर लागतो. जागेचा 'एल', नोंदीचा 'आर', फाइल पाठवण्याचा 'एस'. महामार्गी, स्क्रीनवर यातलं अक्षर येतं का ते बघा. फोटो त्याचाच काढा.

महामार्गी

वायरमन, 'ई' येतं. कधी कधी 'एस'. मी इतके दिवस ते कुठल्यातरी बॅटरीचं चिन्ह समजत होतो. नियमावली ताई, एवढं सविस्तर लिहिल्याबद्दल मनापासून आभार. कोरे लॉग आहेत, बाकीचे तीन कागद गाडीत नाहीत. मागवतो.

पाचगणीकर

वाचनखूण साठवली. मी ट्रक चालवत नाही, चालवणारही नाही, पण साठवली.

हुंडेकरी

नगरहून लिहितोय (अहिल्यानगर म्हणा हवं तर). घरचा ट्रान्सपोर्टचा धंदा, माल भिवंडी, न्हावाशेवा, सुरत.

तुमचे ११ तास, १४ तास वाचून आमच्या ड्रायव्हरला सांगितलं. तो म्हणाला, शेठ, उरलेल्या वेळात ते लोक करतात काय?

कायदा आमच्याकडेही आहे, आणि तोही जुना. मोटार परिवहन कामगार अधिनियम १९६१, त्यात दिवसाला ८ तास, आठवड्याला ४८ असं होतं; २०२५ मध्ये त्याची जागा नव्या कामगार संहितेने घेतली. मोजतं कोण? कोणी नाही. आमच्याकडे ड्रायव्हरचा वेळ मोजत नाहीत, मालाचा मोजतात. ई-वे बिल (जीएसटीतला मालवाहतुकीचा ऑनलाइन कागद) घ्या. २०० किलोमीटरला १ दिवस. कसाऱ्याला गाडी गरम होऊन बसली, मुदत टळायला आली, तर वाढवून घ्यायची ती मुदतीच्या ८ तास आधी ते ८ तास नंतर एवढ्याच वेळात, आणि नेमकं तेव्हा साइट चालत नाही किंवा नेट नसतं. दंड पडला की तो मालाच्या किमतीकडे बघून पडतो. ड्रायव्हर झोपला होता की नाही हे त्या बिलावर कुठेच नाही.

यंत्रंही आहेत. स्पीड गव्हर्नर, ताशी ८० ला बांधलेला. टॅक्सी-बसला जीपीएस आणि पॅनिक बटण. पासिंगच्या दिवशी सगळी यंत्रं ठणठणीत असतात. पासिंग झालं की रिचार्ज संपतो.

एक चांगलं झालंय. १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या ट्रकला केबिनमध्ये एसी सक्तीचा केला. आमच्या जुन्या गाड्यांना अर्थातच नाही.

जुनाजाणता

हुंडेकरी, तुमचा ड्रायव्हर जे बोलला त्यासाठीच मी म्हणतो, मोजा. मोजलंच नाही तर १९६१ चा कायदा १९६१ लाच राहतो.

नेकरकाठची

स्टुटगार्टहून. इथे टॅकोग्राफ. नवऱ्याचं काम ट्रक बनवणाऱ्यांकडे, त्यामुळे जेवणाच्या टेबलावर हा विषय असतोच, बिचारी मुलं!

युरोपात हे यंत्र गाडीबरोबरच येतं. सील केलेलं, मान्यताप्राप्त वर्कशॉपमध्ये दर २ वर्षांनी तपासून घ्यायचं. डिजिटल टॅकोग्राफ २००६ पासून नव्या गाड्यांना सक्तीचा आहे. ड्रायव्हरचं स्वतःचं कार्ड असतं, ते यंत्रात सरकवलं की नोंद त्याच्या नावावर. ब्लूटूथ तुटलं म्हणून 'अनोळखी ड्रायव्हर' वगैरे भानगड नाही. साडेचार तास चालवलं की ४५ मिनिटं थांबायचं. दिवसाला ९ तास, आठवड्यातून दोनदा १०.

फसवणारे तरी फसवतातच. गिअरबॉक्सच्या सेन्सरला लोहचुंबक लावून गाडी उभी असल्याचं दाखवायचं, हा इथला जुना उद्योग. सापडलं तर दंड जबर. पण प्रामाणिक ड्रायव्हरला 'माझं यंत्र खोटं बोलतंय' हे सिद्ध करत बसावं लागत नाही. महामार्गींच्या पोस्टमध्ये मला तेच खटकलं.

उलटतपासणी

+१ नेकरकाठची. अमेरिकेत चुंबकाचीही गरज नाही. काही यंत्रवाले पैसे घेऊन ऑफिसातून लॉगच बदलून देतात. आदल्या रात्रीचं ड्रायव्हिंग गायब. नियमाने आपोआप नोंदलेलं ड्रायव्हिंग कमी करता येत नाही, आणि ऑफिसने केलेली कुठलीही दुरुस्ती ड्रायव्हरने मान्य केल्याशिवाय लागत नाही. पण यंत्रच त्यांचं असेल तर? म्हणजे खोटं बोलायचंय त्याचं यंत्र मुकाट ऐकतं, आणि खरं बोलायचंय त्याचं 'ई' दाखवतं.

नियमावली

हे दुर्दैवाने खरं आहे. एफएमसीएसए अशी यंत्रं यादीतून काढते. यादीतून काढल्यावर कंपन्यांना बदलायला ६० दिवस मिळतात आणि तोवर कागदी लॉग ठेवायचे. महामार्गी, तुमच्या यंत्राचं नाव आणि मॉडेल रद्द झालेल्यांच्या यादीत शोधा. एफएमसीएसएच्या ईएलडीच्या साइटवर दोन्ही याद्या आहेत, चालू आणि रद्द.

सडाफटिंग

यादी, नियम, अक्षरं सगळं ठीक. पार्किंगचं कोणी बोलेना! मी फ्रेझ्नोहून चालवतो. यंत्र सांगतं ४० मिनिटं उरली. संध्याकाळी ७ नंतर ट्रकस्टॉपात शिरावं तर एक जागा मोकळी नाही. पुढचा २५ मैलांवर, तोही भरलेला. मग हायवेवरून बाहेर पडायच्या रस्त्याच्या कडेला लावायची आणि पहाटे पोलिसाने काच ठोठवायची. कागद असताना माणूस अर्धा तास पुढे जाऊन नीट जागा बघायचा. खोटं लिहायचा, हो. पण नीट झोपायचा.

आणि गंमत बघा. काका ज्या २०१२ च्या मॅप-२१ चं सांगतायत त्याच कायद्यात 'जेसन्स लॉ' आहे. जेसन रिव्हेनबर्ग हा न्यू यॉर्कचा ड्रायव्हर २००९ मध्ये साउथ कॅरोलायनात लवकर पोचला. माल उतरवायची जागा उघडली नव्हती, म्हणून बंद पडलेल्या एका पेट्रोल पंपावर गाडी लावून थांबला, आणि तिथे त्याला ७ डॉलरसाठी गोळी घातली. त्याच्या बायकोने पाठपुरावा केला, आणि ट्रकच्या पार्किंगसाठी केंद्राचा पैसा वापरता येईल असं कायद्यात आलं. एकाच कायद्यात दोन गोष्टी. डब्या सगळ्यांच्या गाडीत आल्या. जागा कुठे आहेत ते रात्री ९ वाजता मला कोणी दाखवावं.

जुनाजाणता

सडाफटिंग, यावर मी तुमच्याशी वाद घालणार नाही.

नियमावली

तास शिपरच्या किंवा रिसीव्हरच्या आवारातच संपले तर तिथून सगळ्यात जवळच्या सुरक्षित विश्रांतीच्या जागेपर्यंत 'पर्सनल कन्व्हेयन्स' (ड्युटीबाहेर, स्वतःच्या कामासाठी गाडी नेणं) लावून जाता येतं, २०१८ च्या खुलाशानुसार. कारण लॉगमध्ये लिहायचं. पुढच्या लोडच्या दिशेने मैल कमवायला ते वापरलं तर मात्र अडकाल. कंपनीने स्वतःच्या नियमात हे बंद केलेलं असू शकतं, आधी विचारा.

भेळभत्ता

अवांतर: सडाफटिंग, तिकडे जेवणाचं काय करता? आय-४० हायवेवर पंजाबी ढाबे आहेत असं ऐकलंय.

सडाफटिंग

आहेत ना. ओक्लाहोमा, टेक्सास, न्यू मेक्सिको, मस्त दाल-रोटी मिळते, ट्रक लावायला जागाही असते. पंजाबी मंडळी या धंद्यात इतकी आहेत की मला सगळे 'सत श्री अकाल' घालतात. मीही घालतो. पिठलं-भाकरीचा ढाबा मात्र कोणी काढेना. भांडवल असेल तर बोला.

पाचगणीकर

ठेचा ठेवणार असाल तर मी भागीदार.

चिंचवडची_चिऊ

लोकहो, धागा ढाब्यावर बसवू नका. महामार्गी, पुढे काय झालं?

महामार्गी

सांगतो. बॅटरीच्या बंधनातून अॅप काढलं. टॅबलेट खाली घेतला. सॉकेटवर खरंच दोन फाट्यांची केबल निघाली, दुसऱ्या फाट्याला आधीच्या मालकाचं कुठलंसं बंद यंत्र लोंबकळत होतं. ते काढलं. कनेक्शन जाणं बरंच कमी झालं, बंद नाही झालं. लिटल रॉकच्या अलीकडे परत 'ई' लागलं. फोटो काढला, जागच्या जागी कंपनीला ईमेल, डिस्पॅचरला मेसेज, आणि कागदावर गेलो.

डिस्पॅचरचा फोन आला तो आवाज चढवूनच. मी म्हटलं, हेच मेसेजवर लिहून पाठव, मी लगेच टॅबलेटवर येतो. लिहून काही आलं नाही. दुसऱ्या दिवशी मालकाचा फोन, सूर एकदम मऊ, नवीन डबी मागवतोय म्हणाला. कुठल्या जातीची, वायरमन, ते विचारायचं धाडस झालं नाही.

टेक्सासात वजनकाट्यावर कागद दाखवले. अधिकाऱ्याने बिघाडाचा ईमेल बघायला मागितला, तारीख बघितली, डिझेलची पावती लॉगशी ताडली आणि जा म्हणाला. गाडी उलटीसुलटी वगैरे काही झाली नाही.

उलटतपासणी

जिंकलात. आता त्या डॉकवरच्या चार तासांचे पैसे मागा.

महामार्गी

ते यंत्र अजून निघालं नाहीये :)

नियमावली

छान. पण ८ दिवस मोजत राहा, नवीन डबी त्याआधी गाडीत हवी. आणि जुन्या यंत्रातले मागचे लॉग काढून स्वतःकडे ठेवा. कंपनीने ते ६ महिने जपायचे असतात, पण मशीन बदलताना ते गहाळ झाल्याच्या कहाण्या मी ऐकल्या आहेत. त्या 'अनोळखी ड्रायव्हर'च्या नोंदींचं काय केलंत? तुमच्या असतील त्या स्वीकारा आणि टीप लिहा. नसतील त्या नाकारा. तशाच लोंबकळत ठेवलेल्या नोंदी ऑडिटवाला सगळ्यात आधी उघडतो.

महामार्गी

बाप रे. त्या बऱ्याच आहेत. आज रात्री बसतो.

हुंडेकरी

महामार्गी, एक विचारू? तुमच्या त्या कोऱ्या लॉगच्या वहीचा एका पानाचा फोटो टाकाल का. आमच्या दोन गाड्यांवर ड्रायव्हरला लिहायला लावून बघतो. पोलिसासाठी नाही. मलाच बघायचंय कोण किती तास जागं असतं.

जुनाजाणता

हुंडेकरी, एकच वही द्या. दोन देऊ नका.